दहापैकी किती

माझी आई ठाण्याच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं शिक्षिका होती आणि त्या तेहेतीस वर्षांत तिने एकाही मुलाला दहापैकी दहा मार्क दिले नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाहीये. चौथीत मी तिच्याच वर्गात होते. निबंध लिहिला, एक वेलांटी चुकली नाही, अक्षर तर असं की बघत राहावं, आणि वही परत आली तर त्यावर साडेनऊ. घरी येऊन मी भोकाड पसरलं, "अर्धा मार्क कुठे गेला?" आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्याकडेच आहे. शोध." मग तिने मला तूप-साखर लावून पोळी दिली आणि विषय संपला.

आज मी शेहेचाळीस वर्षांची आहे, सिडनीत पेंडल हिलला राहते, पॅरामॅटाच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. स्वयंपाक मला मनापासून आवडतो आणि, आता सांगून टाकते, तो मला येतोही. पाहुणे बोटं चाटतात. भरल्या वांग्यांची तर लोक फर्माईश करतात. पण बाबा गेल्यावर आई इथे आमच्याकडे राहायला आली, त्याला आता सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत माझ्या हातचं जेवून तिने काय म्हणावं? "बरं झालंय." फार खूश असली तर, "बरं झालंय हो." आणि लगेच, "मीठ दे इकडे."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. शेजारणीच्या सुनेचं तोंड भरून कौतुक करतील, पण आपल्या पोरीला समोर चांगलं म्हणायचं नाही. दृष्ट लागते, नाहीतर पोरगी डोक्यावर बसते. मला हे सगळं कळतं. तरीही मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. हसा खुशाल, पण शेहेचाळीसाव्या वर्षीही मला तो अर्धा मार्क हवा होता.

आईला इथे दोन मित्र मिळाले. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. सकाळचा म्हणजे सरकारी रेडिओ. फ्रिजवर एक छोटा रेडिओ असतो, त्यावर रोज एक वयस्कर गृहस्थ लोकांचे फोन घ्यायचे. कोणाच्या लिंबाला कीड लागलीय, कोणाच्या गल्लीत तीन आठवडे कचऱ्याची गाडी आली नाही, असले फोन. आईचं इंग्रजी या माणसाने सुधारलं. पहिल्या हिवाळ्यात आमच्या कढीपत्त्याची सगळी पानं गळली तेव्हा तिने धीर करून फोन लावला. फोन उचलणाऱ्या मुलीने आधी बजावलं, घरातला रेडिओ बंद करा, नाहीतर शिट्टी वाजते. आईने रेडिओ बंद केला, खुर्चीत ताठ बसली आणि अख्ख्या सिडनीला आमच्या कढीपत्त्याची हकिगत सांगितली. त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुंडी उत्तरेकडच्या भिंतीला लावा म्हणाले, इथे ऊन उत्तरेकडून येतं. सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, झाडाला पालवी फुटली. त्यानंतर आईच्या लेखी तो रेडिओ म्हणजे घरातलंच माणूस झालं.

संध्याकाळचा मित्र म्हणजे टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा. साडेसात वाजले की आई सोफ्यावर. एका तासात पदार्थ करायचा, घड्याळ टिकटिकतंय, परीक्षक घास तोंडात घालून डोळे मिटतायत, स्पर्धक रडतायत. माझा नवरा आणि माझी दहावीतली मुलगी हसायची, पण आई गंभीर. तीही स्पर्धेत असायची! तिकडे घड्याळ सुरू झालं की जाहिरातींच्या वेळात ही स्वयंपाकघरात जाऊन मसालेभात टाकायची आणि तासाच्या आत आणून दाखवायची. "बघा, एकावन्न मिनिटं. आणि मी रडले का?"

मग रेडिओवरचे ते गृहस्थ निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक बाई आणि एक बुवा आले. हे दोघं आपसातच हसायचे. काल कॉफी कशी सांडली, कुत्र्याने चप्पल कशी खाल्ली, हो का, हाहाहा. मध्येच सांगायचे, आमचं ॲप डाउनलोड करा, आमचा पॉडकास्ट ऐका. आईने आठवडाभर सहन केलं. मग तिने फोन लावला, वीस मिनिटं फोनमध्ये नुसता बाजा वाजत राहिला, आणि शेवटी आतून कोणीतरी विचारलं की तुम्ही फुटीबद्दल बोलणार आहात का? फुटी म्हणजे इथला फुटबॉल. आईला म्हणायचं होतं की लिंबाच्या पानांवर काळे डाग पडलेत. फोन कटला.

"हे दोघं एकमेकांशीच बोलतात," ती मला म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मग आपण काय, शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून बसायचं?" तिने रेडिओ उचलला आणि फ्रिजवरच, पण लोणच्याच्या बरणीमागे ढकलून दिला. घरात पुन्हा तो लावायचा नाही, असं जाहीर झालं. मला वाईट वाटलं, कारण मलाही तो रेडिओ आवडायचा. मी गुपचूप गाडीत ऐकायला लागले.

आता सगळा विश्वास टीव्हीवर. आणि त्यातून ते लफडं उद्भवलं. एक दिवस स्पर्धेतल्या कोणीतरी वांग्याचं काहीतरी केलं. परीक्षक डोळे मिटून डोलायला लागले. आई टीव्हीकडे बघत म्हणाली, "ह्याला काय जमतंय? वांगी करावीत तर…" मी वाट बघितली. माझ्या मुलीनेही बघितली. "तर काय, आज्जी?" "काही नाही. जाहिरात लागली."

मुलीने मात्र तेवढ्यावरून माझ्या नावाने त्या स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म भरला. मला न विचारता! मी ओरडले तर म्हणते, "चिल, मम. वर्स्ट केस, दे से नो." माझं डोकं फिरलं होतं, पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याही झाल्या. आणि बोलावणं आलं. एका मोठ्या गोदामासारख्या जागेत शंभरेक माणसं आपापले डबे घेऊन रांगेत उभी. घरून करून आणलेला पदार्थ पाच मिनिटांत ताटलीत मांडायचा. मी भरली वांगी नेली होती, इलेक्ट्रिक कुकरमध्ये गरम ठेवलेली. चाखणाऱ्या बाईने दुसरा घास घेतला. दुसरा घास! तिसऱ्या दिवशी फोन आला की आम्ही तुमच्या घरी येऊन थोडं शूटिंग करतो.

आई दोन दिवस आधीपासून ओटा घासत होती. तिला ही परीक्षाच वाटत होती, आणि तिच्या घरची मुलगी परीक्षेला बसलेली. मला म्हणाली, "काळा मसाला मी काढून देते. घाबरू नकोस." हेच तिचं कौतुक, असं मी मनाशी धरलं.

ते पाच जण आले. कॅमेरा, दिवे, आणि हातात कागद अडकवलेली फळी घेतलेली एक गोड मुलगी, तिच्याच ताब्यात सगळं होतं. तिने आधी मला विचारलं, वडील कसे गेले? शेवटी त्यांना काय खायला घालत होतात? शेवटचे दोन महिने मी ठाण्याला जाऊन त्यांच्यासाठी आमटी करत होते, ते सांगितलं, तर म्हणाली, हे सांगताना जरा थांबत थांबत सांगाल का, आणि खिडकीकडे बघून? मी चक्रावले. माझे बाबा गेले ते काही मी खिडकीकडे बघावं म्हणून नाही. पण मी बघितलं. लाज वाटते, पण बघितलं.

मग आईची पाळी. आईने दारातून यायचं, वांगं चाखायचं आणि काय वाटतं ते बोलायचं. आई इस्त्रीची सुती साडी नेसून आली, वांगं चाखलं, चावलं, विचार केला आणि इंग्रजीत म्हणाली, "ओके. सॉल्ट इज लिटल लेस."

फळीवाली मुलगी हसली. "लव्हली! पुन्हा एकदा करू या. या वेळी थोडं हॅपी?" आई परत दाराबाहेर गेली, परत आली, परत चाखलं. "नाइस," ती म्हणाली. आणि मग तिच्यातली शिक्षिका गप्प बसेना. "बट सॉल्ट इज लेस."

तिसऱ्यांदा त्या मुलीने आईला सरळ सांगितलं, तुम्ही म्हणा की मला माझ्या मुलीचा अभिमान आहे, तिच्यासारखं कोणी करत नाही. मला माहीत होतं की हे सगळं नाटक आहे. तरी वाटलं, म्हण गं बाई, नाटकात का होईना, एकदा म्हण. आईने ताटलीकडे पाहिलं, वांगी एव्हाना थंडगार झाली होती, मग त्या मुलीकडे.

"तिसऱ्यांदा खातेय मी हे," ती तिला इंग्रजीत म्हणाली. "पहिल्यांदा खाल्ल्यासारखं तोंड कसं करू? तुमचे परीक्षकपण असंच गारढोण खातात का?"

ती मुलगी प्रामाणिक निघाली. म्हणाली, ते स्वयंपाक चालू असतानाच फिरून चाखतात, नंतरचं ते फक्त दाखवायला.

"आणि एक तास?"

"वेल," ती म्हणाली, "अवर-इश." म्हणजे तासभर, असाच आपला अंदाजे.

आईचा चेहरा मला अजून दिसतो. एकावन्न मिनिटांत मसालेभात करणारी बाई ती! जाहिरातींमध्ये धावत ओट्याशी जाणारी! तिने पदर खांद्यावरून घेतला, सगळ्यांना चहा हवा का विचारलं आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा एक शब्द बोलली नाही. चहा मात्र आलं घालून पाचही जणांना दिला.

दोन आठवड्यांनी ईमेल आली. तुमचा पदार्थ सुंदर होता, पण या सीझनमध्ये आम्हाला वेगळ्या प्रकारची कहाणी हवी आहे. मी ती आईला वाचून दाखवली आणि माझा तोल गेला. "एकदा म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? दोन वाक्यं!"

"त्यांच्यासाठी म्हणू?"

"माझ्यासाठी!" मी एवढ्या जोरात ओरडले की मुलगी खोलीतून बाहेर आली आणि परत गेली. "मला हवं होतं! मला! शेहेचाळीस वर्षं वाट बघतेय मी, तुला काय वाटतं माझ्या स्वयंपाकाबद्दल ते ऐकायची. ते तुझ्या तोंडून निघत नाही, निघतं ते फक्त मीठ!"

आई लसूण सोलत होती. तिने एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "अगं, ओरडू नकोस, बीपी वाढेल," आणि सालं उचलून कुंडीत टाकायला निघून गेली. त्या दिवसापासून साडेसातला आमचा टीव्हीही बंद. स्पर्धा चालू असायची, पण आमच्याकडे कोणाला तिचं सुखदुःख नव्हतं. आई संध्याकाळी नातीकडून फोनवर कोडी सोडवायला शिकायला लागली. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलायची. मीच जरा तुटक वागत होते, हे कबूल करते.

असेच पाच-सहा आठवडे गेले. एका शुक्रवारी, मी शुक्रवारी घरून काम करते, अकराच्या सुमारास डाळ संपल्याचं लक्षात आलं म्हणून स्टेशनजवळच्या आपल्या भारतीय किराणा दुकानात गेले. तूरडाळ, चिंच, कोथिंबीर घेऊन गाडीत बसले आणि सवयीने रेडिओ लावला. ते दोघं हसतच होते. आजचा विषय, म्हणे, असा कुठला कार्यक्रम आहे की ज्याच्यावर तुमचं प्रेम होतं आणि तुम्ही तो सोडलात? का सोडलात? फोन करा. एका माणसाने क्रिकेटच्या कॉमेंट्रीला शिव्या घातल्या. मग तो बुवा म्हणाला, आता आपल्याबरोबर पेंडल हिलच्या एक आजी आहेत.

"गुड मॉर्निंग," रेडिओतून माझी आई म्हणाली.

माझ्या हातातली पिशवी पायाशी पडली, चिंच कुठच्या कुठे गेली. म्हणजे मी घराबाहेर पडले की ही बाई लोणच्याच्या बरणीमागून रेडिओ काढत होती! मी गाडीत लपून ऐकतेय, ती घरात लपून ऐकतेय. मला एकटीलाच हसू फुटलं.

"मी दोन कार्यक्रम सोडले," आई आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "पहिला तुमचा." दोघं जोरात हसले. "हसू नका. आधीचे गृहस्थ ऐकून घ्यायचे. तुम्ही बोलता फार." पुन्हा हसणं, पण या वेळी जरा कमी. मग तिने दुसऱ्याचं सांगितलं. कसे पाच जण आले, कसं तिला तीनदा दारातून आत आणलं, कशी वांगी गार झाली, आणि तो अवर-इश. ते दोघं खरंच ऐकायला लागले होते, मध्ये बोलले नाहीत. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"ते मला म्हणाले, मुलीबद्दल चांगलं बोला," आई म्हणाली. "मी का बोलू? कॅमेरा सांगतो म्हणून? मग माझं खरं बोलणंपण खोटं होणार. माझी मुलगी रागावली. पण मी तेहेतीस वर्षं शिक्षिका होते. खोटे मार्क मी देत नाही."

"फेअर इनफ," ती बाई हसत म्हणाली. "मग आता कॅमेरा नाहीये, खरे द्या. तुमच्या मुलीच्या स्वयंपाकाला दहापैकी किती?"

आई थांबली. मी तिला ओळखते, पेपर तपासताना शेवटची बेरीज करायच्या आधी ती अशीच थांबायची. मी आवाज मोठा केला. एवढा मोठा की शेजारच्या गाडीतल्या माणसाने वळून पाहिलं. आईने श्वास घेतलेला मला स्पष्ट ऐकू आला. ती म्हणाली, "माय डॉटर…"

आणि टिंगटिंग-टिंगटिंग जाहिरात लागली. त्यांच्याच पॉडकास्टची! ती संपली की बाराच्या बातम्या. बातम्यांत पाऊस, रेल्वे, कोणी मंत्री. मी रेडिओच्या नावाने ज्या काय शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. बातम्यांनंतर ते दोघं परत आले आणि कोणाच्या तरी मांजरावर बोलायला लागले.

घरापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा आहे. स्वयंपाकघरात शिरले तर रेडिओ बरणीमागे, बंद. आई टेबलाशी बसली होती, फोन समोर, गाल लाल झालेले, चौथीतल्या पोरीसारखी. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "तू गाडीत रेडिओ ऐकतेस ना? मला माहितीये. गाडीत बसलं की तेच लागतं, स्टेशन बदलायला विसरतेस तू."

"ऐकते," मी म्हटलं.

"मग आज ऐकलंस?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने नेहमीप्रमाणे घरातला रेडिओ बंद केला होता. त्यामुळे तिला पत्ताच नव्हता. तिकडे तिला तोडून जाहिरात लावली होती, आणि इकडे ही खुर्चीत ताठ बसून बोलत राहिली होती.

"किती वेळ बोलत होतीस गं?" मी विचारलं.

"चांगली चार-पाच मिनिटं. एकदा सुरुवात केली, मग म्हटलं सगळंच सांगून टाकावं. बाबांना शेवटी तुझीच आमटी लागायची, माझी नाही, ते. तू पहिल्यांदा केलेलं श्रीखंड. सगळं." ती टेबलावरचा न पडलेला कण बोटाने पुसत होती. "अगदी शांतपणे ऐकून घेतलं हो त्यांनी. एकदाही हसले नाहीत. शेवटी थँक यू तेवढं म्हणाला नाही मेला, पण माणसं अगदीच वाईट नाहीत. मी उगाच रागावले होते त्यांच्यावर." मग तिने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस ना? मार्क ऐकलेस ना?"

दोन शब्द बोलले असते, "नाही, आई," तर तिने मला तो आकडा सांगितला असता. कदाचित. पण मग तिला हेही कळलं असतं की ते सगळं तिने मेलेल्या फोनला सांगितलं. आत्ताच परत मिळालेलं घरातलं माणूस पुन्हा बरणीमागे गेलं असतं. आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"ऐकलं," मी म्हटलं. "सगळं ऐकलं."

"आणि?"

"बरोबर मार्क दिलेस," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, ते तिनेही पाहिलं आणि लगेच ताटं घ्यायला उठली.

तिने रेडिओ बरणीमागून काढून पूर्वीच्या जागी ठेवला. मी सकाळची आमटी गरम केली, भात वाढला. आईने पहिला घास घेतला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"अख्ख्या सिडनीसमोर सांगितलंय मी," ती म्हणाली. "आता घरात परत परत विचारायचं नाही. मीठ दे इकडे."